एका डीपीवरचे दोन व्याही

१० एप्रिल, सकाळी
आजपासून रोजनिशी. रिटायर झालो त्याच दिवशी सुरू करणार होतो, पण घरात चांगला पेन नव्हता.

कारणही मोठं आहे. ज्येष्ठ नागरिक मंडळाने ३१ मेच्या सभेत भाषणासाठी माझं नाव पक्कं केलं. विषय मीच दिला : राष्ट्राराष्ट्रांतली स्पर्धा आणि पृथ्वीचा ताप. अध्यक्ष महादेवराव म्हणाले, "गोपाळराव, सांधेदुखीवर बोलले असते तं गर्दी झाली असती." महादेवरावांची झेप तेवढीच.

मुद्दा सोपा आहे. जग तापतंय हे सगळ्या देशांना कळतं. पण अमेरिका म्हणते, चीनने आधी धूर कमी करावा. चीन म्हणतो, तुम्ही शंभर वर्षं सोडलात, आता कुठे आमची पाळी आली. बाकीचे म्हणतात, हे दोघं थांबले की आम्ही थांबतो. म्हणजे रोगाचं नाव 'आधी तू'. हे नाव मला अंघोळ करताना सुचलं. इंदूला (बायको) आतूनच ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "आधी नळ बंद करा."

१२ एप्रिल
भाषणात जिवंत उदाहरण हवं. विश्वनाथवरून काही मिळतं का पाहतो.

विश्वनाथ म्हणजे शेजारी आणि व्याही, दोन्ही. आमच्या लेआउटमध्ये त्याचं घर आणि माझं घर, मध्ये एक भिंत. आमची पायल आणि त्याचा प्रशिक त्या भिंतीवरून गप्पा मारता मारता लग्नापर्यंत पोचले. लग्नानंतर इंदूने आणि सिंधूताईंनी (विहीणबाई) भिंत फोडून मागच्या बाजूला दार करून घेतलं. आम्हाला कोणी विचारलं नाही.

मी कोराडीच्या वीज प्लांटमधून रिटायर, तो मौद्याच्या. मौद्याचे युनिट मोठे, असं तो दर दोन वाक्यांमागे सांगतो. मी तुलना करत नाही. कोराडी जुनी आहे, एवढंच सांगतो.

आमच्यात मानपान नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर जुनं सगळं सोडलं, त्यात मानपानही गेला. पायलच्या लग्नात विश्वनाथला पहिल्या रांगेत सोफा आणि मला दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली होती, हे माझ्या लक्षातसुद्धा नाही.

१८ एप्रिल
पायलची तारीख जूनच्या सुरुवातीची. म्हणजे ऐन नवतपा, नागपूरचे सगळ्यात कडक दिवस. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. तिचं माहेर भिंतीच्या दारातून पलीकडे, त्यामुळे प्रवासाचा त्रास नाही.

पूर्वेकडची खोली रिकामी केली. कूलरला नवी खस लावली, टाकी घासली. पायल येऊन पलंगावर आडवी झाली आणि लगेच झोपली. बाप म्हणून भरून आलं. विश्वनाथलाही बोलावून खस दाखवली.

२२ एप्रिल
विश्वनाथच्या दारात टेम्पो. दीड टनाचा एसी. मला बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "सुनेले गर्मी सहन होत नाही जी. कूलरचं काही खरं नाही."

२३ एप्रिल
यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. एसी म्हणजे घर थंड आणि गल्ली गरम. भाषणात एक पूर्ण पान यावर.

२४ एप्रिल
दोन टनाचा घेतला.

हा वापरायला नाही. विश्वनाथवर दबाव राहावा म्हणून. मोठी राष्ट्रं बॉम्ब बाळगतात, रोज फोडतात का?

२६ एप्रिल
चालू आहे की नाही बघायला हवं म्हणून जरा लावला. विश्वनाथचा सुरू होताच. दुपारी कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत धडाम. सगळ्या लेआउटची लाईट त्या एका डब्यातून येते.

लाईनमनने फ्यूज बदलला आणि दोघांनाही सांगितलं, "दोन एसी संग चालवू नका. डीपी म्हातारी आहे. जळाली तं नवी कधी येईल, भरवसा नाही."

पायल डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाहेर आली. पाय सुजलेले. आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "मले एसी नको, बाप्पा. मले झोप पाहिजे." आणि भिंतीला टेकून खाली बसली. पोटच्या पोरीला असं बघून मला फार वाईट वाटलं. विश्वनाथने असं वागायला नको होतं.

१ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी विहारात वंदना, नंतर खीर. घरी आल्यावर इंदूने आणि सिंधूताईंनी एका सुरात सांगितलं, आजच बसा आणि एसीचं मिटवा. मी तयारच होतो. जगाला दिशा दाखवणारा माणूस गल्लीत मागे राहत नाही.

कुठे बसायचं? माझ्याकडे बसलो तर तो पाहुणा, त्याच्याकडे बसलो तर मी आलो असा अर्थ. शेवटी दोन फाटकांच्या मध्ये, रस्त्यावर. विश्वनाथने गोल फिरणारी खुर्ची आणली. माझं स्टूल बुटकं निघालं, त्यामुळे बोलताना मान वर करावी लागत होती. मी डायनिंगची खुर्ची आणली. तो आत जाऊन उशी घेऊन आला. मग ऊन आलं.

परिषद सकारात्मक वातावरणात तहकूब. खीर आंबली.

४ मे
दुसरी फेरी. विश्वनाथ इतिहासात शिरला. म्हणे, गल्लीत पहिला फ्रिज तुमचा, पहिला कूलर तुमचा, आम्ही तेव्हा माठातलं पाणी पीत होतो, तेव्हा तुमची थंडी वापरून झाली, आता आमची पाळी. मी म्हणालो, जुनं काढू नका, माणशी हिशोब करा. आमच्या घरी दोन माणसं, तुमच्या घरी जास्त, तरी तुमचा एसी आधी आला. त्यावर तो म्हणाला, "पायल तं सध्या दोन जीवांची आहे, ते कोणाच्या घरात मोजून राहिले?"

मी म्हणालो माझ्या. तो म्हणाला त्याच्या. आवाज वाढले. भिंतीच्या दारातून पायल म्हणाली, "मी कोणाच्याच घरात नाही. पायरीवर बसून राहिली."

हा मुद्दा पुढच्या फेरीत.

७ मे
सक्ती कोणालाच पटत नाही, तर आपापल्या इच्छेने वचन द्यावं. मोठे देश हेच करतात. मी जाहीर केलं, २०३५ पर्यंत माझ्या घरचा एसी पूर्ण बंद. विश्वनाथने लगेच २०३४ जाहीर केलं. मी २०३३ वर आलो. दोघांनाही समाधान वाटलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

पायल बोटं मोजून म्हणाली, "तोपर्यंत बाळ शाळेत जाऊन राहील, बाबा." मुलांना दीर्घकालीन धोरण कळत नाही.

दरम्यान दोन्ही एसी थोडे थोडे चालू. डीपीतून गुणगुण येते.

१० मे
झाडं लावून भरपाई करायची, हा मार्ग सापडला. फाटकाजवळ कडुनिंबाचं रोप लावलं. संध्याकाळी विश्वनाथने दोन लावली. मी आणखी लावली. त्याने रस्त्याच्या पलीकडेही लावली. मे महिन्यात कोणी झाडं लावतं काय, असं इंदू म्हणाली, पण संकट महिना बघून येत नाही.

१२ मे
कोणाची तरी बकरी आली आणि दोन्ही बाजूंची रोपं खाऊन गेली. दोघांचीही सारख्याच आवडीने. आमचा दोघांचाही राग एकाच बकरीवर होता, त्यामुळे क्षणभर फार जवळीक वाटली. मग तिने आधी कोणाचं खाल्लं यावर मतभेद झाला.

१४ मे
ठरलं होतं, दुपारी दोघांचेही एसी बंद. पण विश्वनाथ पाळतो हे कळणार कसं? मी गच्चीवर गेलो. एसी चालू असला की मागच्या पाइपातून पाणी टपकतं. त्याच्या पाइपातून टपकत होतं! रंगेहाथ.

मी ओरडणार तेवढ्यात तो त्याच्या गच्चीवरून माझा पाइप बघताना दिसला.

संध्याकाळी मी माझ्या पाइपाचं तोंड खिडकीतून आत घेऊन बाथरूमच्या बादलीत सोडलं. ही चोरी नव्हे, पाणी बचत आहे.

१६ मे
तोडगा निघाला! श्रेय मंडळात माझंच म्हणून सांगणार. कल्पना सिंधूताईंची असली तरी मान मी सगळ्यात आधी डोलावली.

सम तारखेला फक्त माझा एसी, विषम तारखेला फक्त विश्वनाथचा. पायलने त्या त्या दिवशी त्या त्या घरी झोपायचं. हातात हात दिला. त्याने संत्रा बर्फी आणली, मी जरा मोठा डबा आणला. बायांनी चहा केला. प्रशिक बँकेतून आला तेव्हा त्याने आम्हा दोघांना एकाच बाकावर बघून चप्पल न काढताच फोटो घेतला.

राष्ट्रांनो, बघा आणि शिका.

२० मे
करार चालू. डीपी शांत. बाहेर नुसता जाळ. पायल एक पिशवी घेऊन रोज दारातून ये-जा करते. आज इकडे, उद्या तिकडे.

विश्वनाथ त्याचा एसी वीसवर ठेवतो असं कळलं. मी अठरावर ठेवला. पायल म्हणते पायात गोळे येतात. आज पहाटे ती स्वयंपाकघरात नुसत्या फरशीवर झोपलेली दिसली. गर्भारपणात असे डोहाळे लागतात.

२५ मे
नवतपा लागला. शोभाताई आल्या होत्या, इंदूची बहीण, कळमन्याला मार्केटच्या मागे राहतात. आंबे घेऊन आल्या. बाई सुखी आहे. एक ठेंगण्या छताचं घर, एक कूलर, दारात मोठं चिंचेचं झाड. आधुनिक काही नाही.

शोभाताई, इंदू, सिंधूताई, पायल, चौघी मागच्या दारात बसून हळू आवाजात बोलत होत्या. मी गेल्यावर गप्प झाल्या. बहुतेक ३१ तारखेला माझ्या सत्काराचं काही चाललं असावं. मी लगेच मागे फिरलो. न कळल्यासारखं दाखवायला हवं.

२८ मे
आज सम तारीख. पायल आली नाही. इंदू म्हणाली, "तिचा डोळा लागला आहे, झोपू द्या." मी म्हणालो, झोपली ते ठीक, पण करार आहे. इंदू डबा भरत राहिली. दुपारी ती आणि सिंधूताई ऑटोने डबा घेऊन गेल्या. विहारात अन्नदान असावं. या उन्हात! बायांची श्रद्धा मोठी.

विश्वनाथने पायलला अडवून ठेवलं, हे उघड आहे. त्याच्या खिडकीकडे बघितलं तर तोच माझ्या खिडकीकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं.

२९ मे, दुपारी
भयंकर! भिंतीवरचं कॅलेंडर सहज बघितलं आणि हातातला कप खाली ठेवावा लागला. ३१ मे विषम. १ जूनही विषम. सलग दोन दिवस विश्वनाथचे! आणि तेही ऐन पायलच्या तारखेला. म्हणजे नातवंडाचा पहिला दिवस त्याच्या एसीत.

मी एवढा शिकलेला माणूस, कराराच्या वेळी हे लक्षात कसं आलं नाही? कारण मी चांगल्या मनाने बसलो होतो. तो कॅलेंडर बघून बसला होता.

लगेच जाऊन बोललो. विश्वनाथ म्हणाला, "काहून जी? कॅलेंडर मी छापलं काय?" मी म्हणालो ३१ तारीख अर्धी अर्धी वाटू. तो म्हणाला, करार म्हणजे करार. हे वाक्य तो म्हणतो, ज्याच्या पाइपातून भर दुपारी पाणी टपकत होतं.

३० मे
माझा दिवस. खोलीत नवी चादर, एसी सोळावर. पायल आली नाही. भिंतीवरून विश्वनाथने विचारलं, "झोपली काय जी पोरगी?" असा टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी म्हणालो, तुमालेच माहीत. संतापलो की माझी भाषा घसरते.

त्या थंड खोलीत एकटाच बसून भाषण पाठ केलं. स्वेटर घालावा लागला.

३१ मे, दुपारी
विचारांती करारातून बाहेर पडलो. हा करारभंग नव्हे. करारात राहून मोडला तर भंग. मी आधी बाहेर पडलो आणि मग एसी लावला. सोळावर. पायल केव्हाही दारातून आली तर खोली तयार हवी.

विश्वनाथचाही चालूच आहे. त्याने बंद केला की मी बंद करतो.

३१ मे, सायंकाळी
नीट लिहितो.

लेआउटच्या समाजभवनात गर्दी छान होती. तर्री पोहे आहेत हे महादेवरावांनी आधीच सगळीकडे सांगितलं होतं. विश्वनाथ पहिल्या रांगेत. मी सुरुवात दमदार केली. 'आधी तू' वर मागून एक जण हसलाही. मग मुख्य वाक्यावर आलो : "मित्रहो, शेजारी थांबत नाही म्हणून आपणही थांबायचं नाही, अशाने एक दिवस सगळ्यांचंच..."

धडाम.

माईक गेला, पंखे गेले. कोपऱ्यावर डीपीतून काळा धूर निघत होता. कोणी तरी म्हणालं, आता ही गेली. अंधारात विश्वनाथ उभा राहिला, मी उभाच होतो, आणि आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "पायल!"

धावलो. मी माझ्या आयुष्यात इतका धावलो नव्हतो. मी त्याच्या घरात शिरलो, तो माझ्या घरात. पोरगी गर्मीने घाबरली असेल, पडली असेल, काय काय मनात आलं. त्याची आतली खोली उघडली. थंडगार. नवी चादर, सुरकुतीही नाही. पलंग रिकामा.

भिंतीच्या दारात विश्वनाथ समोरून आला. त्याचा चेहरा पांढरा. "तुमच्याकडे नाही?" "नाही. तुमच्याकडे?" तिथेच पायरीवर आम्ही दोघं बसलो.

प्रशिकला फोन लागला. म्हणाला, पायल २८ तारखेपासून कळमन्याला शोभामावशीकडे आहे, एका कूलरवर शांत झोपते, आणि आज दुपारी कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं आहे, आई, सासूबाई आणि मावशी सोबत आहेत, काळजी करू नका. नंतर इंदूने फोन घेतला. मी विचारलं, आम्हाला काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं असतं तं तुम्ही दोघांनी तिथंही एसी पाठवला असता."

पाठवला असता. पण इन्व्हर्टरवाला.

१ जून
मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. मी आजोबा झालो! प्रशिकचा फोन आला तेव्हा मी आणि विश्वनाथ त्या पायरीवरच होतो, घरात भट्टी होती. मी रडलो. तोही रडला. त्याने आधी सुरुवात केली.

दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. आम्ही उन्हातून वेळेआधीच पोचलो. दारावर सिस्टर. म्हणाली, एका वेळी एकच माणूस.

इतक्या दिवसांचं सगळं मनातून गेलं होतं. मी मोठ्या मनाने म्हणालो, "विश्वनाथभाऊ, आधी तुम्ही." त्याचे डोळे भरले. म्हणाला, "नाही जी, गोपाळराव. बाप तुम्ही पोरीचे. आधी तुम्ही." मी म्हणालो, मुलाकडचा मान. तो म्हणाला, आपल्यात मानपान नाही, तुम्ही जा. मी म्हणालो, मानपान नाही म्हणूनच तुम्ही जा. तो म्हणाला, मी आधी गेलो तं तुम्ही जन्मभर काढाल. मी म्हणालो, मी? जन्मभर काढायची सवय कोणाला आहे, फ्रिज कोणी काढला होता? सिस्टर म्हणाली, आवाज कमी. इंदू आत गेली, बाहेर आली. सिंधूताई गेल्या, आल्या. शोभाताई दोनदा जाऊन आल्या.

पाच वाजले. सिस्टरने दार लावलं.

मी म्हणालो, मी आजोबा आहे. विश्वनाथ म्हणाला, मीही. ती म्हणाली, "मग आधी कोण, ते घरून ठरवून या उद्या."

लाईट अजून नाही. नवी डीपी कधी येणार ते कोणी सांगत नाही. पायरीवर बसून लिहितो आहे, शेजारी विश्वनाथ पुठ्ठ्याने वारा घेतो आहे, त्यातला थोडा इकडे येतो. उद्या २ तारीख, सम, म्हणजे हिशोबाने आधी मी. पण करारातून मीच बाहेर पडलो, असं तो म्हणतो. बाळाचं नाक त्याच्यावर गेलं आहे म्हणे. मी अजून पाहिलेलं नाही.